भंगारातले कीबोर्ड आणि २२ हजारांचा प्रश्न



या आठवड्याच्या व्हिडिओत मी घोटीच्या एका तरुणाची गोष्ट सांगितली. तिथे वेळ कमी पडला आणि हिशोब अर्धाच राहिला. म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा, पुढे आकडे आहेत आणि ते तुमच्याही कामाचे आहेत.

घोटी म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्यातलं, इगतपुरी तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने मुंबईकडे निघालं की इगतपुरीच्या अलीकडे लागतं. भाताच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध. हा पोरगा अशाच एका गिरणीत कॉम्प्युटरवर बिलं करतो. नाव सांगत नाही, त्याचीच तशी इच्छा आहे.

गिरणीच्या ऑफिसात एक जुना टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड होता. तुम्ही तो नक्की पाहिलाय. मेडिकलच्या काउंटरवर, पतसंस्थेत, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. बाजूला कर्रकर्र करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि समोर हा जाडजूड कीबोर्ड. बटण दाबलं की स्पष्ट ‘टिक’ असा आवाज येतो. याला त्या आवाजाचा नाद लागला. मग त्याने शोधायला सुरुवात केली की हा आवाज येतो कुठून, असे आणखी कुठले कीबोर्ड आहेत आणि लोक ते का जमवतात. दीड वर्षात माळ्यावर ११ कीबोर्ड जमले. घरचे म्हणायला लागले, “अरे, एका कॉम्प्युटरला एक लागतो ना?”

मग एक दिवस त्याचा फोन आला.

“सर, एक टायपिंग इन्स्टिट्यूट बंद होतंय. ३८ कीबोर्ड आहेत. ५०० रुपयांनी सगळा लॉट देतायत. १९ हजार होतात. माझ्याकडे २२ हजार आहेत, गाडीच्या डाउन पेमेंटसाठी ठेवलेले. घेऊ का? परदेशात जुने कीबोर्ड हजार-हजार डॉलरला जातात, मी पाहिलंय.”

मित्रांनो, हा प्रश्न फक्त कीबोर्डचा नाही. जुनी नाणी, पितळी भांडी, रेडिओ, घड्याळं, सागवानी फर्निचर, कशाच्याही छंदातून धंदा काढायचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी पडतो. मी त्याला एवढंच म्हटलं, “दोन दिवस थांब. पैसे देऊ नकोस, बयाणाही देऊ नकोस. आपण आधी बसू.”

जुनं म्हणजे दुर्मिळ नव्हे

पहिला गैरसमज इथेच असतो. वस्तू जुनी आहे म्हणून ती मौल्यवान होत नाही. ती थोडी असावी लागते, चांगली असावी लागते आणि ती हवी असणारा माणूस असावा लागतो. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच किंमत येते.

कीबोर्डच्या जगात सगळ्यात गाजलेलं नाव आयबीएमचं. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, त्याच्याबरोबरचा कीबोर्ड ‘मॉडेल एफ’ म्हणून ओळखला जातो. १९८५ पासून ‘मॉडेल एम’ आला. दोन्हींत प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग असते, ती दाबल्यावर एका क्षणी मुडपते आणि खटका बसतो. मॉडेल एमचं वजन दोन किलोच्या पुढे. चाळीस वर्षांनंतरही कितीतरी नग चालू आहेत. बँकांच्या टर्मिनलसाठी बनवलेले मॉडेल एफचे काही छोटे प्रकार तर खरोखरच हजार डॉलरच्या वर विकले गेलेत. म्हणजे आपल्या पोराची माहिती खोटी नव्हती.

पण आता आपल्याकडचं बघा. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातलं काम गुंडाळलं आणि १९९२ मध्ये टाटांबरोबर भागीदारीत ती परत आली. म्हणजे हे गाजलेले कीबोर्ड जेव्हा तिकडे ऑफिसाऑफिसांत बसत होते, तेव्हा ती कंपनीच इथे नव्हती. आपल्याकडे त्या काळात एचसीएल, विप्रो, मुंबईची झेनिथ अशा कंपन्यांचे कॉम्प्युटर होते, तेही मोजक्या ठिकाणी. मग घोटी-इगतपुरीच्या भंगारात आयबीएमचा मॉडेल एफ मिळण्याची शक्यता किती? जवळजवळ नाहीच. मुंबईत एखादा सापडू शकतो, बाहेरून आलेल्या यंत्रांबरोबर, पण त्यावर धंदा उभा राहत नाही.

म्हणजे परदेशातला भाव बघून इथला माल घ्यायचा नसतो. इथे काय मिळतं आणि ते इथे कोणाला हवंय, हे बघायचं.

इथे काय मिळतं? टीव्हीएस गोल्ड. जुन्या गोल्डमध्ये जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच असायचे, आणि तीच त्याची ओळख आहे. परदेशात मेकॅनिकल कीबोर्डची फॅशन परत यायच्या कितीतरी आधी आपले बिल करणारे आणि टायपिस्ट मेकॅनिकल कीबोर्ड वापरत होते, फक्त त्याला तसं म्हणत नव्हते. पुढे त्याच मालिकेत रुपयाच्या चिन्हाचा ‘गोल्ड भारत’ आला. हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. त्यामुळे बटणावर ₹ छापलेलं असेल तर तो नग त्यानंतरचा, हे कळायला लेबल वाचायचीही गरज नाही. नंतरच्या नगांत दुसऱ्या बनावटीचे स्विचही येऊ लागले. बाहेरून कीबोर्ड सारखाच दिसतो, पण शौकीन माणूस दोन्हींना वेगळा भाव देतो.

हा माल आत्ताच का बाहेर येतोय

धंदा करणाऱ्याने हा प्रश्न नेहमी विचारावा. माल आज का विकला जातोय?

आपल्याकडे टायपिंग इन्स्टिट्यूट हा गावोगावचा धंदा होता. गोदरेजने १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर बनवला. २००९ च्या सुमारास त्यांनी उत्पादन थांबवलं. टंकलेखनाच्या सरकारी परीक्षाही टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर आल्या. इन्स्टिट्यूटवाल्यांनी टाइपरायटर काढून कॉम्प्युटर लावले आणि विद्यार्थी दिवसभर बडवणार म्हणून काहींनी मजबूत कीबोर्ड घेतले. आता त्यातलीही काही बंद होतायत. जागेचं भाडं परवडत नाही, मालक थकलेत, पुढची पिढी दुसरीकडे गेली.

म्हणजे हा माल एकदाच बाहेर येणार आहे. दरवर्षी नवा साठा तयार होणारी ही वस्तू नाही. याचा फायदा आहे तसाच तोटाही आहे. आज माल मिळतोय, पाच वर्षांनी मिळेलच असं नाही. एकदाच येणाऱ्या मालावर दुकानाचं भाडं आणि कर्जाचा हप्ता बांधू नका.

जाऊन बघितल्याशिवाय पैसे नाहीत

रविवारी आम्ही दोघं त्या इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. मीही कधीकाळी मराठी ४० ची परीक्षा दिलेला माणूस, त्यामुळे त्या खोलीत शिरल्यावर जरा गप्पच झालो. एक मॅडम होत्या, साठीच्या पुढच्या. यजमानांच्या मागे त्यांनी इन्स्टिट्यूट एकटीने चालवलेलं. भिंतीवर पास झालेल्या विद्यार्थ्यांच्या याद्या अजून होत्या. कीबोर्ड कोपऱ्यात एकावर एक रचलेले.

पोराने काम सुरू केलं. तो काय करत होता ते नीट वाचा, कारण हेच त्याचं खरं भांडवल आहे.

१. आधी हाताने वजन बघितलं. हलका कीबोर्ड बहुतेक रबरवाला असतो. आत रबराची एकच चादर आणि खाली प्लॅस्टिकचे पातळ पडदे. असे कीबोर्ड नवेच काही शे रुपयांत मिळतात, जुन्याला भंगाराचा भाव.

२. मग एक कीकॅप, म्हणजे बटणाची टोपी, हळूच वर काढली. खाली प्रत्येक बटणाला स्वतंत्र चौकोनी स्विच दिसला तर तो मेकॅनिकल. मधला दांडा अधिकच्या चिन्हासारखा आणि स्विचच्या वरच्या बाजूला ‘चेरी’ हे नाव कोरलेलं असेल तर खूण पटली. एकच टोपी काढून थांबायचं नाही, चार कोपऱ्यांतल्या चार काढायच्या. दुरुस्तीत कोणी दुसरे स्विच घातलेले असू शकतात.

३. उलटं करून लेबल वाचलं. मॉडेल, सीरियल नंबर, छापलेली असेल तर तारीख. लेबल फाडलेला नग शौकीन लोक कमी भावात मागतात.

४. वायरचं टोक बघितलं. यूएसबी असेल तर प्रश्न नाही. गोल सहा पिनांचं पीएस-टू असेल तर कन्व्हर्टर लागतो, आणि सगळे स्वस्त कन्व्हर्टर चालतातच असं नाही. त्याहून जुना, जाड गोल पाच पिनांचा असेल तर सावध. त्यात एक्सटी आणि एटी असे दोन प्रकार आहेत. टोक दिसायला सारखं, आतली भाषा वेगळी. बंद पडलाय असं समजून फेकलेला कीबोर्ड कधीकधी फक्त चुकीच्या कन्व्हर्टरमुळे गप्प असतो.

५. शेवटी लॅपटॉपला लावून एकेक बटण दाबून बघितलं. यूएसबी नसलेला कीबोर्ड चालू जुन्या कॉम्प्युटरला कधी लावू-काढू नका, मशीन बंद करून मगच लावा.

कीकॅपकडेही तो बारकाईने बघत होता. एबीएस प्लॅस्टिकच्या टोप्या वापरून चकचकीत होतात, उन्हाने पिवळ्या पडतात. पीबीटी प्लॅस्टिकच्या टोप्यांचा खरखरीतपणा जास्त टिकतो. देवनागरी अक्षरं असतील तर तो आणखी थांबायचा. स्टिकर चिकटवलेली अक्षरं आणि छापलेली अक्षरं यांत फरक आहे. मांडणी कोणती तेही बघायचा, टाइपरायटरच्या वळणाची रेमिंग्टन की इन्स्क्रिप्ट. इन्स्क्रिप्ट म्हणजे स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आपल्या भाषांसाठी सरकारने १९८६ मध्ये ठरवलेली मांडणी, आणि पुण्याच्या सी-डॅकने ती कॉम्प्युटरवर रुळवण्यात मोठं काम केलं. मेकॅनिकल स्विच आणि मुळातच छापलेली इन्स्क्रिप्ट अक्षरं असा जुना नग त्याला हवाय. अजून सापडलेला नाही.

तीन तास लागले. निकाल असा: ३८ पैकी २४ रबरवाले. मेकॅनिकल १४. त्यातले चेरी स्विचचे ९, दुसऱ्या बनावटीचे ५.

मग तो म्हणाला, “सर, यांना सांगायचं का?”

हा प्रश्न त्याने मला खाली चहा पिताना विचारला. मॅडमना माहीत नव्हतं की ढिगातल्या १४ नगांची किंमत वेगळी आहे. त्या सगळ्यांना ५०० च मागत होत्या. तो गप्प राहून “फक्त हे १४ द्या, ४०० नी द्या” म्हणाला असता, तर त्यांनी कदाचित दिलेही असते.

कायद्याने यात काही चूक नाही. घासाघीस हा बाजाराचा भाग आहे आणि माहितीचा मोबदला घेणं हा गुन्हा नाही. भंगारवाल्याकडून माल घेताना मी कोणाला भाषण द्यायला सांगत नाही, तो रोज शंभर वस्तू घेतो-विकतो, त्याचं त्याला कळतं. पण समोरची व्यक्ती आयुष्याचा धंदा आवरत असेल आणि तुमच्या शब्दावर भाव ठरवत असेल, तर तिथे वेगळा विचार करावा, असं माझं मत आहे. नाशिक जिल्हा केवढा? इन्स्टिट्यूट चालवणारी माणसं एकमेकांना ओळखतात. आज मिळालेले दोन हजार उद्याची दहा दारं बंद करू शकतात. आणि धंद्याचा विचार बाजूला ठेवला तरी, रात्री झोप यायला पाहिजे.

मी त्याला एवढंच म्हटलं, “पैसे तुझे, नाव पण तुझं. तू ठरव.”

तो वर गेला आणि सरळ बोलला, “मॅडम, हे १४ चांगले आहेत, मी ६०० नी घेतो. बाकीचे २४ मला नकोत. ते कोणी ५०० ला घेणार नाही. शिकवणी लावणाऱ्या कोणाला स्वस्तात द्या, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या.”

मॅडम जरा नाराज झाल्या. त्यांना ढीग एकदम उचलून हवा होता. थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तू पहिलाच आहेस ज्याने एकेक उघडून बघितला. घेऊन जा.” १४ नग, ८,४०० रुपये. पावतीवर सही घेतली. पावती घ्याच, मित्रांनो. जुना माल कोणाकडून आणि कितीला घेतला याचा कागद पाहिजे, मग तो साध्या वहीचा का असेना.

आता हिशोब, सगळा

पाच महिन्यांनी त्याने वही घेऊन दाखवली. जशी आहे तशी देतो.

खरेदी: ८,४०० रुपये
जाणं-येणं: ३०० रुपये
सफाई आणि सोल्डरिंगचं सामान: ८५० रुपये
पॅकिंग आणि कुरियर, ९ नग, प्रत्येकी १५०: १,३५० रुपये
एकूण खर्च: १०,९०० रुपये

१४ पैकी ३ नग दुरुस्त होण्यासारखे नव्हते. दोन चेरीचे, एक दुसरा. ते त्याने सुट्या भागांसाठी ठेवले. चेरीचे २ नग स्वतःच्या संग्रहात गेले. उरलेले ९ विकले, पुणे, मुंबई आणि नाशिकच्या शौकिनांना.

चेरीचे ५, प्रत्येकी १,५००: ७,५०० रुपये
बाकीचे ४, प्रत्येकी १,०५०: ४,२०० रुपये
एकूण विक्री: ११,७०० रुपये

नफा ८०० रुपये. पाच महिन्यांत.

वेळ? प्रत्येक नग उघडून, टोप्या धुऊन, वाळवून, खराब स्विच बदलून तीन तास. ११ नगांचे ३३ तास. फोटो, फोनवर उत्तरं, पॅकिंग, कुरियरच्या चकरा मिळून आणखी २७. एकूण ६० तास. तासाला १३ रुपये पडले. गिरणीत पोती उचलणाऱ्यालाही यापेक्षा जास्त मिळतात.

आता दुसरा हिशोब. समजा त्याने पहिल्या दिवशी फोनवरच ‘हो’ म्हणून १९ हजार दिले असते. वरचा खर्च २,५०० तोच. एकूण २१,५०० गेले असते. विक्री तीच ११,७००. रबरवाले २४ नग कसेबसे ४० रुपयांनी गेले असते तर ९६०. एकूण परत आले असते १२,६६०. म्हणजे ८,८४० रुपयांचा तोटा, आणि २२ हजारांपैकी मधल्या काळात खिशात राहिले असते ५००. गाडी गेली आणि माळ्यावर प्लॅस्टिकचा ढीग आला, असं झालं असतं.

तीन तास बसून उघडून बघण्याची किंमत ही आहे.

मग कमाई कुठे झाली?

आता खरी गंमत. ते तीन निकामी नग आठवतात? त्यांतले चांगले स्विच आणि टोप्या त्याने काढून डबीत ठेवल्या होत्या. गिरणीतल्या कीबोर्डचं एंटर बटण गेलं होतं, ते त्याने बदललं. शेठनी ते शेजारच्या गिरणीत सांगितलं. मग एक मेडिकलवाला आला, मग दुसरा. ज्याचा दिवसभर बिलं करण्याचा धंदा आहे त्याचा हात एका कीबोर्डवर बसलेला असतो. दोन बटणं गेली म्हणून दोन-तीन हजारांचा नवा घ्यायचं त्याच्या जिवावर येतं, आणि हलका रबरवाला त्याला आवडत नाही.

त्याने दर ठरवला २५० रुपये. उघडून साफ, दोन स्विचपर्यंत बदल, संध्याकाळी न्यायचा आणि सकाळी परत. मॅडमनी आपल्या ओळखीच्या दोन इन्स्टिट्यूटचे नंबर दिले, तिथूनही काम आलं. त्याच पाच महिन्यांत ३१ कीबोर्ड दुरुस्त झाले. ७,७५० रुपये. सामानाला ९०० गेले. हातात ६,८५०. वेळ साधारण ४५ तास. तासाला दीडशे रुपये पडले.

तीच माहिती, तेच हात, तीच डबी. दुर्मिळ वस्तूच्या विक्रीत तासाला १३ आणि दुरुस्तीत तासाला दीडशे.

हे फक्त घोटीत घडत नाही. अमेरिकेतलं उदाहरण बघा. आयबीएमने कीबोर्डचा कारखाना १९९१ मध्ये वेगळ्या कंपनीला दिला, तिचं नाव लेक्समार्क. पुढे तिनेही हे काम सोडलं. तेव्हा १९९६ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला युनिकॉम्प नावाची छोटी कंपनी उभी राहिली. तिने जुनी यंत्रसामग्री घेतली आणि त्याच स्प्रिंगचे कीबोर्ड, सुटे भाग आणि दुरुस्ती असा धंदा केला. मोठ्या कंपन्यांना जे काम परवडत नव्हतं, त्यावर या छोट्या कंपनीने इतकी वर्षं तग धरला. संग्राहक दुर्मिळ नग शोधत फिरतात, आणि त्यांना वायर, टोपी, स्प्रिंग पुरवणाऱ्याचं घर चालतं.

तुम्हाला हा शोध करायचाच असेल तर

छंद म्हणून जरूर करा. छंद वाईट नाही, आणि याच छंदाने त्याला दुरुस्ती शिकवली. फक्त काही गोष्टी पाळा.

दोन वह्या ठेवा. एक संग्रहाची, एक धंद्याची. स्वतःसाठी ठेवलेला नग धंद्याच्या पैशातून घेतला असेल तर त्याची किंमत खिशातून धंद्यात भरा. आमच्या पोराने ते दोन चेरीचे नग ‘फुकट’ ठेवले, तिथेच त्याचा नफा गेला. दीड हजाराने विकले असते तर नफा ८०० ऐवजी साडेतीन हजारांवर गेला असता. माल विकणाऱ्याला मालाचा मोह परवडत नाही.

अडकवायची रक्कम आधी ठरवा. सहा महिने परत आली नाही तरी घर चालेल एवढीच. त्याने आता ५ हजारांची मर्यादा घातलीय. त्यातला माल विकल्याशिवाय नवा घ्यायचा नाही.

शोधायला बाहेर पडा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार, पुण्याचा रविवार आणि बुधवारचा जुना बाजार. पण मी सांगेन की सुरुवात गावातूनच करा. बंद पडलेलं सायबर कॅफे, जुनी पतसंस्था, शाळेची कॉम्प्युटर लॅब, फेरीवाला भंगारवाला. भंगारवाल्याला एक निकामी मेकॅनिकल कीबोर्ड नमुना म्हणून देऊन ठेवा आणि सांगा, “असा आला तर फोडू नका, मला फोन करा.” शब्दांनी वर्णन करण्यापेक्षा नमुना लवकर कळतो.

आपल्याकडचा पाऊस विसरू नका. इगतपुरी-घोटीचा पावसाळा कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको. माळ्यावर उघडे ठेवलेले कीबोर्ड दोन पावसाळ्यांत आतून गंजतात. धुतलेल्या टोप्या पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका, पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका, उभे ठेवा, आणि पांढऱ्या प्लॅस्टिकवर थेट ऊन पडू देऊ नका.

कागदपत्रांचंही बघा. फक्त वस्तू विकत असाल तर आपल्याकडे ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पण राज्याबाहेर माल विकला की ही सूट लागू होत नाही. दुरुस्तीसारख्या सेवेसाठी मर्यादा २० लाख. नोंदणी केल्यावर जुना माल विकणाऱ्यांसाठी फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर कर मोजायची तरतूद आहे. बंगळुरूच्या एका गिऱ्हाईकाला आमच्या पोराने म्हणूनच सध्या नाही म्हटलं. तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या. आणि ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. निकामी उरलेला माल जाळू नका, नाल्यात टाकू नका, अधिकृत केंद्राला द्या.

सध्या काय चाललंय

गिरणीची नोकरी त्याने सोडलेली नाही. मीही सोडू नको म्हटलं. महिन्याला सहा-सात कीबोर्डची दुरुस्ती म्हणजे अजून जोडधंदाच आहे. आता तो बिलिंगच्या प्रिंटरची सफाई शिकतोय, कारण ज्या काउंटरवर हा कीबोर्ड असतो त्याच काउंटरवर तो प्रिंटरही असतो. एका फेरीत दोन कामं. गाडीचे २२ हजार पूर्ण झाले आणि त्याने जुनी गाडी रोख घेतली. दुरुस्तीचे कीबोर्ड आता त्यावरूनच नेतो-आणतो.

शोध मात्र थांबलेला नाही. परवा भेटला तेव्हा सांगत होता, एका गावात बंद पडलेल्या लॅबमध्ये देवनागरी छापलेले कीबोर्ड आहेत म्हणे. मी विचारलं, “कितीचा लॉट?” तो हसला. म्हणाला, “लॉट नाही सर. आधी एक उघडून बघतो.”

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या घरात, दुकानात किंवा गावात बंद पडून राहिलेली एक वस्तू निवडा. ती ओळखायच्या पाच खुणा लिहा. ती हवी असणारी तीन खरी माणसं शोधा, म्हणजे ज्यांना तुम्ही फोन करू शकता अशी. मग त्या वस्तूच्या विक्रीत तासाला किती पडतात आणि दुरुस्तीत तासाला किती पडतात, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. पैसे गुंतवायचा विचार त्यानंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही लिहीत राहा.